पिवळ्या रोवण्याची तबकडी

फुलचूरच्या पुढे डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांनी आणलेले चिखलाचे पट्टे दिसायला लागले की समजावं, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली. मग गोंदियात कुठल्याही कामाला माणूस मिळत नाही. भांडी घासणारी बाई गावी जाते, गवंडी फोन उचलत नाही आणि माझ्या वर्गातले मागचे बाक रिकामे पडतात. मी शाळेत भूगोल शिकवते. त्या रिकाम्या बाकांकडे बघून मी रागवायला हवं, पण मला हेवा वाटतो. या दिवसांत माझी बोटं आपोआप टेबलावर ताल धरतात. पोरांना वाटतं, बाई चिडल्या. त्यांना तसं वाटलेलं बरंच असतं.

यंदा रोवणीच्या पहिल्याच आठवड्यात दारात बंगळुरूहून एक खोकं आलं. मी ते दातांनी फाडलं, असं माझा नवरा सगळ्यांना सांगत फिरतो. तो वाढवून सांगतो. कात्री सापडली नाही एवढंच खरं. आत तबकड्या होत्या, ग्रामोफोनच्या, थाळीएवढ्या, आणि पाकिटांवर आमचं नाव होतं: ‘ढेकूळ’. कॉलेजात असताना आम्ही तिघांनी काढलेला हा पंक रॉक बँड, गोंदियातला पहिला आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचा. आमची एकुलती एक कॅसेट ‘काऊन’ वीसेक वर्षांनी रंगीत तबकडीवर पुन्हा निघाली होती. रंग आम्ही सांगितला होता हिरवा. साधा हिरवा नाही, पऱ्ह्यांचा हिरवा. म्हणजे रोवणीच्या आधी एका कोपऱ्यात दाट उगवलेली धानाची कोवळी रोपं असतात, त्यांचा. मी एक तबकडी काढली, खिडकीपाशी नेली आणि तिथेच खाली बसले. ती पिवळी होती. हळदीसारखी पिवळी असती तरी चाललं असतं. ही कावीळ झालेल्या माणसासारखी, हिरवटपणा निघून गेलेली, फिकट पिवळी होती.

मुन्नाला फोटो पाठवला. मुन्ना म्हणजे आमचा गिटारवाला. आता स्टेशनजवळ त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्याचा लगेच फोन आला. “अरे यार नंदा, ये पीला कैसे आया? हमने तो हरा बोला था ना?”

“बोललो होतो.”

“अब हेमू को क्या बताएंगे?”

मला त्याचीच काळजी होती. पण हेमूकडे यायच्या आधी मला त्या पावसाळ्याकडे जाऊ द्या, कारण खोकं उघडल्यापासून मी अर्धी तिथेच आहे.

गोंदियात पंक कसा आला, असं लोक विचारतात. रेल्वेनं आला. आमच्याकडे सगळंच रेल्वेनं येतं. मुन्नाच्या वडिलांचं स्टेशनसमोर कॅसेटचं दुकान होतं. तिथे कुणी तरी प्रवासी चिठ्ठी नसलेली एक कॅसेट विसरून गेला. आम्ही ती लावली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, टेप बिघडला. शब्द इंग्रजी होते, त्यातला एकही धड कळला नाही. पण एक गोष्ट लख्ख कळली, की या लोकांना वाजवता येत नाही आणि तरी हे वाजवून राहिलेत. मला लहानपणी हार्मोनियमच्या क्लासला घातलं होतं. तिथे चूक झाली की बाई बोटांवर पट्टी मारायच्या. इथे एक चूक झाली की तिच्यामागून दुसरी नाचत यायची. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आम्हाला कळलं, की अंगण वाकडं असलं तरी त्यावर नाचता येतं. त्या दुपारी मी दुकानाच्या काउंटरवर इतकं बडवलं, की मुन्नाच्या वडिलांनी मला बाहेर काढलं.

गायला हेमू होती. हेमलता माझ्या वर्गात होती, आमगावच्या बाजूच्या खेड्यातून रोज गाडीनं यायची. तिच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या गावाचा तलाव बांधला आणि राखला होता. तलावाच्या एका पाळीवरून, म्हणजे काठाच्या बांधावरून, पलीकडच्या पाळीवरच्या माणसाला हाक मारायची त्या घरात सगळ्यांनाच सवय होती. त्यामुळे हेमूला माईक लागायचा नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिनं भावगीत म्हटलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या सरांनी खुर्ची मागे सरकवली होती. असा आवाज वाया जात होता आणि आम्हाला नेमका तोच हवा होता.

त्या पावसाळ्यात आम्ही तिच्या गावी गेलो. रोवणी जोरात होती. बांधीत, म्हणजे धानाच्या त्या पाणी भरलेल्या चौकोनात, बाया ओळीनं वाकून मागे मागे सरकत होत्या आणि गात होत्या. एक ओळ हेमू म्हणायची, बाकीच्या ती झेलायच्या. वयानं लहान असूनही सुरुवात तीच करायची, कारण तिचं गाणं सुरू असलं की हात चालतात, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी शेताच्या कडेच्या उंच धुऱ्यावर बसून भिजलेले शेंगदाणे खात होते. मधेच ती पऱ्हे उपटायला आली. मूठभर रोपं ओढायची, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडायचा, पेंडी बांधून मागे टाकायची. एक पेंडी हातात धरून ती थांबली.

“नंदा, यानं काय केलं होतं वं?” ती म्हणाली. “गपचिप उभा होता बिचारा. काऊन उपटलं याले?”

मुन्ना म्हणाला, “यही गाना है.”

आणि खरंच तेच गाणं झालं. गाणं कसलं, सगळी कॅसेटच. धानाचं एक रोप, त्याची भिजत घातल्यापासून मिलमधून तांदूळ होऊन बाहेर पडेपर्यंतची कहाणी, रोपाच्याच तोंडून. रोप भयंकर भांडकुदळ होतं. शब्द सगळे हेमूचे.

भिजवलं तुम्ही, निजवलं तुम्ही,
हिरवा झालो तं उपटलं तुम्ही.
काऊन? काऊन? काऊन?

प्रत्येक ‘काऊन’नंतर ती थांबायची आणि उत्तर मी ड्रमवर द्यायचे. त्या काळी पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं मला विचारलं होतं, की तुमच्याकडे ‘का’ला ‘काऊन’ का म्हणतात. मी म्हटलं, जरा ओरडून बघा. ‘का’ ओरडला की तोंडातच विरतो. ‘काऊन’ भिंतीवर आपटून परत येतो.

भिंती आम्हाला बाबांनी दिल्या. आमची राइस मिल होती, अजून आहे, आता भाऊ बघतो. गोदामात रिकाम्या बारदान्याच्या थप्प्या होत्या. मुन्नानं कुठून तरी ऐकलं होतं, की आवाज घुमू नये म्हणून भिंतींना काही तरी लावतात. आम्ही चारी बाजूंनी पोती टांगली. आत भयंकर उकडायचं, कोंडा नाकात जायचा आणि हेमू प्रत्येक गाण्याआधी तीनदा शिंकायची. माझा ड्रम लग्नाच्या बँडपार्टीनं टाकून दिलेला होता आणि झांजेच्या जागी मिलची फुटकी चाळणी टांगली होती. बेस गिटार नव्हतीच. शेजारच्या शेडमध्ये उन्हाळी धानाची भरडाई चालू होती, तिथली घरघर भिंतीतून सारखी येत राहायची. तोच आमचा बेस. बाबा एकदा दारात येऊन उभे राहिले, पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाले, “मशीन बंद करायला सांगू का?” आम्ही तिघंही एका सुरात नाही म्हणालो. कॅसेटच्या कामातली सुरात असलेली ती एकच गोष्ट, आणि ती नेमकी रेकॉर्ड झाली नाही.

काय दिवस होते. अंगाला कोंडा चिकटलेला, कानात दडे बसलेले, आणि आपण काही तरी भलतंच सुंदर करतो आहोत याची इतकी खात्री, की तेवढी मला पुढे लग्नाच्या वेळीही नव्हती. कॅसेटच्या प्रती मुन्नाच्या दुकानात निघाल्या. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसभर बाजार, जिलेबी, पाळणे आणि मग रात्री दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. तशा एका मंडईत आम्हाला दंडारीच्या आधी जागा मिळाली. आम्ही तीन गाणी वाजवली. पुढे बसलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, “माईक सुधरू द्या, मंग सुरू करा.” बाकी लोक जिलेबीकडे गेले. हेमू इतकी हसली, की स्टेजवरच बसली.

मग परीक्षा आल्या, नोकऱ्या आल्या, लग्नं झाली. हेमू शेजारच्याच गावात नांदायला गेली. ढेकूळ म्हणजे शेवटी मातीच, पाण्यात पडलं की विरघळतं. आम्ही भांडून वगैरे वेगळे झालो नाही, एवढंच.

ती कॅसेट कुणाच्या पिशवीतून कुठे गेली कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी बंगळुरूच्या कावेरीचा फोन आला. जुन्या, हरवलेल्या बँडांच्या तबकड्या काढायची तिची छोटी कंपनी आहे. ती म्हणाली, तुमची कॅसेट ऐकून मी रडले. मी विचारलं, “टेप बिघडला म्हणून?” पण बाई गंभीर होती. पाकिटावर छापायला तिनं एक टिपणही लिहून पाठवलं. त्यात होतं, की उपटलेलं रोप हे सासरी जाणाऱ्या स्त्रीचं रूपक आहे. मी ते हेमूला पाठवलं. तिचा निरोप आला: “रूपक गिपक नाई. धान हाये ते. प्रत्येक गोष्टीत लग्न कायले घुसवता?” कावेरीनं ते वाक्य काढलं.

निरोप म्हटलं, कारण हेमू फोनवर बोलत नाही. गळ्यात गाठ झाली होती. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, सगळं नीट पार पडलं, पण आवाज गेला. म्हणजे पूर्ण नाही गेला; घोगरा, फाटका, मधेच हवा निघून जाणारा असा काही तरी उरला. डॉक्टर म्हणाले, वापरत राहा. ती वापरीना. रोवणीत गाणी सुरू करणारी हेमू आता पेंड्या वाहण्याचं काम मागून घेते, म्हणजे बायांच्या ओळीत उभं राहायला नको. मी भेटायला गेले तेव्हा ती सगळ्याला मान हलवून उत्तर द्यायची. मी तिच्याशी दुप्पट बोलून भरपाई करायचे, आणि परतताना गाडीत माझाच घसा दुखायचा. तबकडीला तिनं परवानगी दिली, पण एका अटीवर. ती तिला स्वतःला ऐकवायची नाही. “तो आवाज जिचा होता तिले ऐकवा,” तिनं लिहिलं. मी ‘बरं’ लिहिलं. पण मला ते मुळीच बरं वाटत नव्हतं. मला हेमूचा आवाज परत हवा होता, कसाही असो.

आता रंगाचा घोटाळा. कावेरीनं विचारलं, हिरवा म्हणजे कोणता? तिनं रंगांचे तुकडे असलेला फोटो पाठवला. मी म्हटलं, तिसरा. मुन्ना म्हणाला, “वो तो पोपट है, पऱ्हा नहीं.” आमची दोन दिवस खडाजंगी झाली. आम्ही दोघंही शहरातले, आणि पऱ्ह्यांच्या हिरव्यावर दोघांनाही अभिमान. शेवटी हेमूचा निरोप आला: “भांडू नका. पऱ्हेच पाठवते.” मागच्या रोवणीत तिनं आपल्या बांधीतली ताजी पेंडी ओल्या बारदान्यात गुंडाळून आमगावहून पाठवली, मुन्नानं वर प्लॅस्टिक चढवून कुरिअरला दिली, मी कावेरीला अभिमानानं लिहिलं, “अगदी हाच रंग हवा, जरासुद्धा इकडेतिकडे नको.” इतका साधा उपाय कुणाला कसा सुचला नाही, याचं आम्हाला कौतुकच वाटत होतं. तेव्हा पाऊस असा लागला होता, की कुरिअर वाटेत कुठे तरी बरेच दिवस अडकून पडलं. जिवंत रोप मातीतून काढून पेटीत भरलं तर त्याचं काय होतं, हे धानाच्या जिल्ह्यात जन्मलेल्या तीन माणसांच्या डोक्यात आलं नाही. आणि कावेरी प्रामाणिक बाई. पेटीतून जो रंग निघाला तो तिनं जरासुद्धा इकडेतिकडे होऊ दिला नाही.

तर ती पिवळी तबकडी घेऊन आम्ही रविवारी हेमूच्या गावी निघालो. द्यायला तर हवीच होती. वाटेत आमगावला मुन्ना एका साऊंड सर्व्हिसवाल्याच्या घरात शिरला आणि जुनं रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि लग्नात लावायचा भोंगा घेऊन बाहेर आला.

“हे कशाला?” मी म्हटलं. “तिनं नाही म्हटलंय.”

“बजाने के लिए थोड़ी है,” तो म्हणाला. “दिखाने के लिए है.” भोंगा कोण कुणाला दाखवायला नेतं? पण गाडीत त्याला जागा मीच करून दिली. मनातून मलाही तो हवा होता.

हेमूचं घर बांधीला लागूनच आहे. अंगण संपतं आणि धुरा सुरू होतो. समोर बाया रोवत होत्या, त्यांच्यात तिची सासू सर्वांत पुढे. हेमू धुऱ्यावरून पेंड्या फेकत होती. आम्हाला पाहून हात धुऊन आली. मी तबकडी तिच्या हातात दिली. वीस वर्षांनी आपलं नाव छापून आलं आणि तेही कावीळ होऊन, अशी माझी मनःस्थिती होती. मी सुरू झाले, की कुरिअर उशिरा पोचलं, पेंडी सुकली, कावेरी बदलून द्यायला तयार आहे.

हेमूनं तबकडी उन्हात धरली. पाठीमागे तिची बांधी होती, अर्धी चार-पाच दिवसांपूर्वी रोवलेली, अर्धी रिकामी. मी तबकडीकडे पाहिलं, मग रोवलेल्या अर्ध्या बांधीकडे पाहिलं. दोन्ही एकाच रंगाची होती.

“काऊन बदलते वं?” हेमू म्हणाली. आवाज खरखरला, मधेच तुटला, तिनं घोट गिळून पुन्हा धरला. “रोवणाच हाये हा. नवा लावलेला.”

तेवढ्यात सासू पाणी प्यायला धुऱ्यावर आली. तबकडी बघून तिनं ओल्या बोटानं टोचून पाहिलं. मी विचारलं, “मावशी, रोवणा असा पिवळा का पडतो?”

“उपटला, दुसरीकडं खोचला, तं पिवरा पडनच,” ती म्हणाली. “तेवढे दिवस त्याले वरचं पाहाले फुरसत नसते. खालून मुर्‍या मातीत धरून राहते.” तिनं तांब्या ठेवला. “आठ-पंधरा दिवस गेले का हिरवा. पिवरा पडला म्हून कोनी पुन्हा उपटते का?”

ती परत बांधीत उतरली. हेमूनं तबकडीवर एकदा गोल बोट फिरवलं. मग तिनं ती मुन्नाकडे दिली आणि म्हणाली, “लाव.”

मुन्नानं इतक्या घाईनं सुई टेकवली, की ती थेट ‘काऊन? काऊन?’च्या गाण्यावरच पडली. भोंग्यातून बाबांच्या मिलची घरघर आली, मग माझी फुटकी चाळणी, मग गिटार, आणि मग ती. कॉलेजातली हेमू, पलीकडच्या पाळीवर पोचणारी. बांधीतल्या बाया कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या. मी हेमूकडे बघत नव्हते. मला भीती वाटत होती, की ती रडेल आणि मग मीही. अंगणात एक घमेलं पालथं होतं. भोंग्यातल्या पोरीनं पहिला ‘काऊन’ टाकला आणि उत्तराची जागा आली तेव्हा मी घमेल्यावर वाजवलं. हात विसरले नव्हते.

दुसऱ्या ‘काऊन’ला माझ्या मागून एक आवाज आला. घोगरा, फाटका, खालून वर ओरबाडत येणारा. भोंग्यातल्या पोरीला तसा आवाज काढता आला असता तर तिनं सगळ्या कॅसेटी विकल्या असत्या. पंकला जो घसा लागतो तो तेव्हा आमच्याकडे नव्हता; आमच्याकडे नुसता मोठा आवाज होता. मुन्ना माझ्याकडे बघून भुवया उंचावत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिसऱ्या ‘काऊन’ला बांधीतून दोघी-तिघींनी सवयीनं तो झेलला, जशी रोवणीची ओळ झेलतात. मग सगळ्यांनी. मी घमेलं असं बडवलं, की त्याचं बूड निघालं. इतकी सुखी मी याआधी कधी झाले होते ते मला आठवतं. गोदामात, कोंड्यात, त्याच पावसाळ्यात.

गाणं संपलं. सुई नुसती खरखरत फिरत राहिली. हेमू गळ्यावर हात ठेवून उभी होती, दमलेली, थोडी लाजलेली.

मग पुढच्या ओळीतून तिच्या सासूनं वाकल्या वाकल्याच मान वर केली.

“थांबली कायले वं?” ती म्हणाली. “अर्धी बांधी बाकी हाये.”